गोदाकाठचा इंजिनिअर : सर आर्थर कॉटन

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या कुशीत उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी तीर्थे मागे टाकून महाराष्ट्राचा निरोप घेते. पुढे तिला वर्धा-वैनगंगेचे पाणी घेऊन आलेली प्राणहिता भेटते, बस्तरच्या अरण्यातून आलेली इंद्रावती भेटते, आणि भद्राचलमच्या रामरायाला वंदन करून ती राजमहेंद्रीला पोहोचते. एवढा भूगोल आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला असतो. राजमहेंद्रीच्या पुढे काय होते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तेथे ही नदी कित्येक शाखांनी फुटून समुद्राकडे जाते, आणि त्या शाखांच्या मधली भूमी भाताच्या हिरव्या खाचरांनी, नारळी-केळींच्या बागांनी नटलेली दिसते. त्या भूमीतल्या गावागावांतून एका गोऱ्या माणसाचे पुतळे उभे आहेत. कोठे तो घोड्यावर आहे, तर कोठे नुसताच उभा. परक्या राजवटीच्या खुणा आपण स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतून हलविल्या. हे पुतळे मात्र स्वतंत्र भारतात, लोकांनी आपल्या हौसेने उभारले. हा माणूस म्हणजे सर आर्थर थॉमस कॉटन. आंध्रातील लोक त्यांना दुसरा भगीरथ म्हणतात. गोदेत स्नान करताना भगीरथाबरोबर त्यांचेही स्मरण करावे, असा एक संस्कृत श्लोकही तिकडे रचला गेला आहे.

असा मान एखाद्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या वाट्याला का यावा? त्यांनी मोठे धरण बांधले, एवढे उत्तर पुरेसे नाही. मोठी बांधकामे कंपनी सरकारच्या अनेक अधिकाऱ्यांनी केली. त्यांची नावे आज दगडावरही वाचता येत नाहीत. कॉटनसाहेबांचे जीवन नीट पाहिले म्हणजे असे दिसते की, नदीकडे त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिले. त्यांचे यश याच दृष्टीत होते आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्यांचे अपयशही जेथे ही दृष्टी उणी पडली तेथेच झाले.

आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात झाला. घर खानदानी, पण खटले मोठे. हेन्री कॉटन यांच्या अकरा मुलग्यांपैकी हे दहावे. अशा घरातल्या धाकट्यांना वडिलार्जित संपत्तीवर विसंबून चालत नसे. प्रत्येकाने आपली वाट आपण शोधायची असे. पंधराव्या वर्षी आर्थर ईस्ट इंडिया कंपनीच्या अॅडिसकोम येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले, आणि मद्रास इंजिनिअर्स या पलटणीत नेमणूक होऊन १८२१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मद्रासला उतरले. त्यांचे आणखीही भाऊ हिंदुस्थानात होते. सिडने कॉटन सेनापती म्हणून नावारूपास आले, तर फ्रेडरिक कॉटन आर्थरप्रमाणेच मद्रास इलाख्यात इंजिनिअर झाले. या भावाभावांत जिव्हाळा मोठा होता आणि एकाच्या कामात दुसऱ्याचा हात असे.

तरुण कॉटनांना पहिले काम मिळाले ते दक्षिणेकडील जिल्ह्यांतील तलावांची देखरेख करण्याचे. कोइमतूर, मदुरा, तिरुनेलवेली, त्रिचनापल्ली या मुलखात शेकडो वर्षांपूर्वीचे तलाव होते आणि शेती त्यांच्यावर अवलंबून होती. घोड्यावरून गावोगाव हिंडताना एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. या देशात पाण्याचे शास्त्र इंग्रजांनी आणलेले नाही. ते येथे पूर्वीपासून आहे. फक्त ते जतन करणारा धनी उरलेला नाही. मधल्या काळात ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धावर त्यांना जावे लागले. तेथून परतल्यावर कावेरी नदीचे काम त्यांच्याकडे आले, आणि येथे त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले.

कावेरीचा प्रश्न मोठा चमत्कारिक होता. श्रीरंगमच्या बेटाशी नदी दुभंगते. एक फाटा कावेरी या नावाने तंजावरच्या सपाट प्रदेशात जातो. दुसरा कोळ्ळिडम थेट समुद्राकडे धावतो. कोळ्ळिडमचे पात्र अधिक उताराचे, म्हणून दरवर्षी अधिकाधिक पाणी तिकडे ओढले जाई आणि कावेरीचे पात्र गाळाने भरून येई. तंजावर म्हणजे आपल्या भोसले घराण्याचे दक्षिणेतले राज्य. कारभार १७९९ पासून इंग्रजांच्या हाती गेला होता, तरी मराठी राजा अजून नावाला गादीवर होता. ते दक्षिणेचे भाताचे कोठार हळूहळू कोरडे पडू लागले होते.

तेथून जवळच कल्लणै नावाचा प्राचीन बंधारा होता, आजही आहे. करिकाल चोळ राजाने तो बांधला असे परंपरा सांगते. कॉटनांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. वाळूच्या पात्रात, खाली खडक नसताना, हा बंधारा इतकी शतके उभा कसा? जुन्या कारागिरांनी मोठाले दगड सरळ वाळूत टाकले होते. ते खचले की त्यांच्यावर आणखी दगड, असे करीत करीत पाया स्थिर झाल्यावर वरचे काम रचले होते. खडक लागेपर्यंत खणत जाण्याची गरज त्यांना भासलीच नाही. युरोपात शिकलेल्या इंजिनिअराला हे पटणे सोपे नव्हते. कॉटनांनी मात्र या अनाम चोळ कारागिरांचे शिष्यत्व पत्करले. वाळूत विटांच्या विहिरी उतरवून त्यांवर पाया घेण्याची देशी पद्धतही त्यांनी उचलली. १८३६ मध्ये कोळ्ळिडमवर वरचा आणि खालचा असे दोन बंधारे पुरे झाले. वरच्या बंधाऱ्याने पाणी पुन्हा कावेरीकडे वळविले. खालच्याने कोळ्ळिडममधून वाहून जाणारे पाणी उचलून शेतांना दिले. तंजावरची भातशेती पुन्हा उभी राहिली. पुढे कावेरीत पाणी जरुरीपेक्षा जास्त येऊ लागले आणि तिच्यावरही दरवाजांचा बांध घालणे भाग पडले, हेही येथे नमूद केले पाहिजे. नदी एकदा अडविली की तिची राखण कायमची गळ्यात पडते, हा धडा कॉटन तेथेच शिकले.

याच सुमारास मद्रासजवळच्या रेड हिल्स येथून दगड वाहून आणण्यासाठी त्यांनी लोखंडी रूळ टाकले. १८३७ मधील हा मार्ग हिंदुस्थानातील अगदी पहिल्या लोहमार्गांपैकी गणला जातो. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी. पुढे रेल्वेचा कडवा टीकाकार म्हणून गाजलेल्या माणसाने रेल्वेची ही सुरुवात करून द्यावी, ही नियतीची गंमतच म्हणावयाची.

हिंदुस्थानच्या हवेने प्रकृती ढासळली, म्हणून त्यांना दीर्घ रजेवर ऑस्ट्रेलियाकडे जावे लागले. तेथे टास्मानिया बेटावर १८४१ मध्ये एलिझाबेथ लिअरमंथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी थोरली कन्या जन्मली. तिचेही नाव एलिझाबेथच ठेवले. कॉटन वृत्तीने धार्मिक आणि घरात रमणारे होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्या, शिकारी, घोड्यांच्या शर्यती यांत त्यांचे मन लागत नसे. दिवसभर नदीच्या पात्रात आणि संध्याकाळी घरी, असा त्यांचा क्रम असे. १८४३ मध्ये पत्नी व तान्ह्या मुलीसह ते परत आले आणि लवकरच गोदावरीच्या मुखाशी जाऊन पोहोचले.

तेथे त्यांना जे दिसले ते भयंकर होते. १८३३ च्या दुष्काळात त्या भागात माणसे हजारोंनी मेली होती. १८३९ मध्ये कोरिंगा बंदरावर चक्रीवादळ आले आणि समुद्राने किनारा धुऊन नेला. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ ते १८४१ या वीस वर्षांत सुमारे पावणेदोन लाखांनी घटली होती. दैवदुर्विलास असा की, हे सारे घडत होते देशातल्या एका मोठ्या नदीच्या काठी! पावसाळ्यात गोदामाई कोस कोस पसरून पिके बुडवी, आणि पावसाने ओढ दिली की डोळ्यांदेखत अथांग पाणी समुद्राला मिळत असताना काठावरचे शेत करपून जाई. आपल्या नाशिकचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे सारे पाणी कोणाच्याही मुखी न लागता खारट होत होते.

१८४४ मध्ये कॉटनांनी सरकारला अहवाल सादर केला. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे, नदी शाखांत फुटते तेथे, तिच्या आरपार बंधारा घालावा आणि दोन्ही काठांनी व मधल्या बेटांतून कालवे काढावेत, अशी त्यांची योजना होती. कंपनी सरकारला रयतेच्या कळवळ्यापेक्षा वसुलाची भाषा चांगली समजे, हे ते ओळखून होते. म्हणून तंजावरात पाण्यामुळे सारा किती वाढला आणि गोदावरी जिल्ह्यात तो कसा घटत चालला आहे, याचे आकडे त्यांनी पुढे ठेवले. विलायतेतून मंजुरी आली आणि १८४७ मध्ये काम सुरू झाले.

त्या कामाचा पसारा डोळ्यांपुढे आणून पाहावा. बेटे धरून नदीची रुंदी तेथे सुमारे सहा किलोमीटर. पाया म्हणाल तर निव्वळ वाळू. वाफेची यंत्रे जवळजवळ नाहीतच. मागितली तेवढी माणसे आणि अधिकारी सरकारने दिले नाहीत. काम करावयाचे ते दोन पावसाळ्यांच्या मधल्या महिन्यांत, कारण पूर आला की अर्धवट रचलेले सारे वाहून जाण्याचे भय. धवळेश्वरमच्या टेकडीचा दगड फोडून, रुळांवरच्या गाड्यांतून आणि होड्यांतून तो पात्रात नेऊन टाकला जाई. धवळेश्वरम्, रळ्ळी, मद्दूर आणि विज्जेश्वरम् अशा चार भागांत मिळून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा, बारा फूट उंचीचा हा बंधारा १८५२ मध्ये उभा राहिला. पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून निघून जावे आणि कोरड्या दिवसांतले पाणी कालव्यांत वळावे, अशी त्याची रचना. गाळ साचू नये म्हणून खाली मोऱ्या ठेवल्या होत्या.

या काळात साहेबांचे बिऱ्हाड धवळेश्वरमलाच, नदीकाठी होते. उन्हातान्हात उभे राहून त्यांची तब्येत पुन्हा बिघडली, मध्येच रजा घ्यावी लागली. तेव्हा कॅप्टन ऑर यांनी काम सांभाळले. आणि येथे एका आंध्र गृहस्थाचे नाव आदराने घेतले पाहिजे : वीणम् वीरण्णा. मजूर जमविणे, त्यांना टिकवून धरणे, त्यांच्या मजुरीचा चोख हिशेब ठेवणे, हे अवघड काम या माणसाने पार पाडले. त्यांच्या स्मरणार्थ बंधाऱ्यापाशी शिळा बसविण्यात आली. जे हजारो वडार, गवंडी, सुतार, स्त्रिया आणि पोरेसोरे दगड वाहत होती, त्यांची नावे मात्र कोणत्याही शिळेवर नाहीत. भगीरथ एकटा नसतो. त्याच्यामागे असे एक अबोल सैन्य उभे असते.

बंधारा झाला, कालवे निघाले. त्यांतून नुसते पाणीच नाही, तर होड्याही फिरू लागल्या. शेतातले धान्य पाण्यावरूनच बाजारात जाऊ लागले. कॉटनांच्याच सूचनेवरून कृष्णेवर बेजवाडा येथे दुसरा बंधारा १८५५ मध्ये पुरा झाला. कृष्णाही आपल्याच महाबळेश्वरची लेक. मग १८७६ ते १८७८ चा महाभयंकर दुष्काळ आला. मद्रास, म्हैसूर आणि आपल्या मुंबई इलाख्यातील सोलापूर, नगर, विजापूरकडील माणसे अन्नान्न करीत मेली, जनावरांचे सांगाडे माळावर पडले; तेव्हा गोदावरी आणि कृष्णेच्या मुखांकडील प्रदेश तगून राहिला आणि त्याने बाहेर धान्य पाठविले. कॉटनांच्या कार्याची याहून मोठी पावती कोणती असू शकेल?

परंतु थोरांची चरित्रे लिहिताना नुसती आरती ओवाळणे बरे नव्हे. कॉटन स्वभावाने हट्टी होते, आणि एकदा पटलेली गोष्ट सर्वत्र लागू पडते असे मानण्याकडे त्यांचा कल होता. गंगेचा कालवा बांधणारे कॉटली हेही मोठे इंजिनिअर. पण त्यांच्या कामातील दोषांवर कॉटनांनी जाहीर टीका केली आणि १८६४ च्या सुमारास दोघांत कडवट वाद माजला. तुंगभद्रेवरील कर्नूल-कडप्पा कालव्याची कथा तर फार बोलकी आहे. कॉटनांच्या प्रेरणेने निघालेल्या एका खासगी कंपनीने तो खोदला. पैसा अफाट ओतला, आणि पाणी घ्यायला शेतकरी पुढे येईना! कारण उघड होते. ती जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. तेथला रयत ज्वारी आणि कापूस पिकविणारा. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याला कालव्याच्या पाण्याची गरज नव्हती, आणि भात लावण्याची त्याची रीत नव्हती. जे नदीमुखाच्या भातखाचरांना मानवले, ते पठारावरच्या काळ्या रानाला मानवले नाही. अखेर १८८२ मध्ये तोट्यातला तो कालवा सरकारने विकत घेतला. शेतकऱ्याच्या बांधावरून पाहण्याची जी दृष्टी कॉटनांना तंजावरात आणि धवळेश्वरमला यश देऊन गेली, तीच येथे सुटली होती. आपले महाराष्ट्राचे पठारही त्याच काळ्या मातीचे असल्यामुळे हा धडा आपल्याला अधिक जवळचा आहे.

आणखी एक गोष्ट. कालव्याचे पाणी जमिनीला मिळते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या वाट्याला त्या पाण्यातून फक्त मजुरी येते. आणि वाढलेल्या पिकाबरोबर कंपनीचा वसूलही वाढला, हे विसरून चालणार नाही. कॉटन साम्राज्याचे नोकर होते, बंडखोर नव्हते. पण त्या नोकरीत राहून त्यांनी सरकारला सतत एक अप्रिय प्रश्न विचारला : रेल्वेवर एवढी संपत्ती उधळता, तर तिचा काही भाग पाण्यावर का खर्च करीत नाही? उपाशी माणसापर्यंत धान्य वाहून नेण्यासाठी आधी ते पिकावे लागते, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. नद्यांना कालव्यांनी जोडून देशभर जलमार्ग करावेत, हेही त्यांचे स्वप्न होते. १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे पंचाहत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याची कसून उलटतपासणी झाली. समितीने त्यांचे म्हणणे मानले नाही. रेल्वेचे पारडे जडच राहिले.

१८६१ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, पुढे जनरलचा हुद्दा मिळाला. पण सत्ता आणि अधिकार संपले होते. मायदेशी परतल्यावर ते सरे परगण्यातील डॉर्किंग या गावी स्थायिक झाले. सहा किलोमीटर रुंदीची नदी अडविणाऱ्या या माणसाने आता काय करावे? त्यांनी कुदळ हाती घेतली. घराभोवतीच्या थोड्या जमिनीत ते गव्हाचे प्रयोग करू लागले. जमीन नेहमीपेक्षा पुष्कळ खोल खणावी, खालच्या थरापर्यंत हवा पोहोचू द्यावी, खत भरपूर घालावे, बियाणे विरळ पेरावे. म्हणजे थोड्या जागेत अनेक पटींनी धान्य निघेल, अशी त्यांची खटपट होती. एकेका रोपाला फुटवे किती, ओंब्या किती, याच्या नोंदी ते ठेवीत. ज्याच्याजवळ एवढेसे रान आहे त्या गरिबाचे पोट त्यात कसे भरेल, हाच विचार त्यामागे होता. धवळेश्वरमचा प्रश्नच त्यांनी डॉर्किंगच्या वाफ्यात चालू ठेवला होता.

घरही तसेच भरलेले होते. कन्या एलिझाबेथ डॉर्किंगच्या मजूरवस्तीत दारूबंदीचे काम करी. मजुरांना दारूच्या गुत्त्याऐवजी बसायला चांगली जागा हवी, म्हणून तिने कॉफीगृह काढले. त्या कामावर तिने पुस्तक लिहिले, तेव्हा वडिलांनी त्याला प्रस्तावना लिहिली. ज्या काळी आपल्याकडे मुलींच्या शाळेवर दगड पडत आणि विलायतेतही प्रतिष्ठित घरातल्या मुलीने वस्तीत जाणे लोकांना रुचत नसे, त्या काळी एका लष्करी जनरलने मुलीच्या कामामागे असे उभे राहावे, हे विशेष नव्हे काय? सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी अरबी भाषेचे एक प्राथमिक पुस्तक रचले. उतारवयात तीनचाकी सायकल चालविण्याचा आणि तिच्यात सुधारणा करण्याचा नादही त्यांना लागला. जुलै १८९९ मध्ये, शहाण्णव वर्षांचे तृप्त आयुष्य जगून त्यांनी देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी कन्येने, म्हणजे त्या वेळच्या लेडी होप यांनी, पित्याचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्या चरित्रात कालव्यांबरोबर गव्हाच्या वाफ्यांचीही हकीकत आहे.

कॉटनांचा बंधारा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राबला. १९७० नंतर त्याच्या जागी नवे बॅरेज बांधावयास घेतले गेले आणि ते १९८२ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याला सर आर्थर कॉटन यांचेच नाव देण्यात आले आहे. सुमारे दहा लाख एकर भूमी त्याच्या पाण्यावर भिजते. धवळेश्वरमला त्यांचे संग्रहालय आहे, आणि १५ मे हा दिवस तेथले शेतकरी आवर्जून पाळतात.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. बंधारे बांधणे आपल्या अभ्यासक्रमात नाही. तरी या चरित्रातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या आधीच्यांनी काय करून ठेवले आहे ते नम्रपणे तपासणे, ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याची जमीन आणि त्याची रीत आधी समजून घेणे, आणि मोठे काम हातून गेले तरी लहान वाफ्यात तेच काम चालू ठेवणे, एवढे तर कोणत्याही शाखेच्या माणसाला करता येईल. गोदावरीच्या मुखाशी राहणाऱ्यांनी तिचे पाणी कसे वापरले हे आपण पाहिले. तिच्या उगमाकडचे आपण मात्र अजून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. पैठणला १९७६ मध्ये नाथसागर भरला, तरी नदीकाठची कित्येक गावे मार्चनंतर कोरडी असतात. काळ्या मातीच्या या पठाराला मानवेल असे पाण्याचे शास्त्र तंजावरहून किंवा धवळेश्वरमहून उचलून आणता येणार नाही. ते येथल्या शेतकऱ्याच्या बांधावर बसूनच शोधावे लागेल. ते शोधणारा आपल्यातूनच कोणी निघो!